एका दमात किती अंक : फ्लूनंतरचं माझं जीबीएस

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या भावाला आयसीयूत घेतलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप, मग पायांना मुंग्या, आता उभं राहता येत नाही. ताई रडत विचारत होत्या, "तुम्हाला झालं होतं ते हेच काय हो? बरं होतंय की नाही?" तासभर बोललो. मला झालं होतं ते जीबीएस, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं आणि हातपाय लुळे पडत जातात तो आजार. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं एकदा तारखांसकट लिहून ठेवावं. मला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर निदान दोन दिवस वाचले असते.

मी बेळगावात वडगावला राहते. ह्यांचे दोन माग आहेत, मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. वय एकेचाळीस. त्याआधी बाळंतपण सोडलं तर दवाखान्यात एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती.

२०२४ चा जुलै. पावसाने नुसतं झोडपलं होतं, मलप्रभा आणि मार्कंडेय दोन्ही भरून वाहत होत्या, घरात कपडे वाळत नव्हते. २७ जुलैला, शनिवारी, बारा वर्षांचा मुलगा शाळेतून तापाने फणफणत आला. दुसऱ्या दिवशी धाप लागायला लागली म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाखल करून घेतलं, नाकातला स्वॅब घेतला. इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह. औषध सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला. सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, अ‍ॅस्पिरिन असलेली कुठलीही गोळी द्यायची नाही, कारण फ्लूमध्ये मुलांना त्यातून रेज सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो, तो यकृत आणि मेंदू दोन्हीवर येतो. दुसरी, मुलगा असंबद्ध बडबडायला लागला, माणसं ओळखेनासा झाला किंवा झटका आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन या. फ्लूचा त्रास क्वचित मेंदूपर्यंत जातो, असं ते म्हणाले. मी पुढचे आठ दिवस रात्री उठून उठून त्याला नाव विचारत होते, "मी कोण रे? आज वार कोणता?"

२९ तारखेला मलाही ताप आला. तीन दिवस ताप, मग आठवडाभर खोकला. पॅरासिटामॉलवर काढला. माझा स्वॅब कुणी घेतला नाही, मलाही गरज वाटली नाही. नागपंचमीला, ९ ऑगस्टला, मी अगदी ठणठणीत होते. लाह्या फोडल्या, पुरणाची दिंडं केली.

सोमवारी १२ ऑगस्टला दुपारी मशीनवर बसले. माझं मशीन पायडलचं आहे, सासूबाईंच्या वेळचं. पायडलवर पाय ठेवला आणि तळव्याला पत्र्याची खाच लागेना. त्या खाचांची मला कित्येक वर्षांची सवय. जाड मोजा घालून पाय ठेवल्यासारखं वाटलं. पाय उचलून पाहिला, तळवा स्वच्छ, कुठे काही नाही. मुंग्या मात्र दोन्ही पायांना, सारख्याच. गणपती तोंडावर आलेले, टेबलावर सव्वीस ब्लाउजपीस पडलेले. अवघडले असेन म्हणून चहा करून परत बसले.

मंगळवारी माळ्यावर चढताना तिसऱ्या पायरीवर गुडघा दुमडला. दोन खांद्यांच्या मधे पाठ इतकी दुखत होती की उताणं झोपवेना. जवळच्या एका दवाखान्यात गेले. अशक्तपणा आहे, तापानंतर होतं, असं म्हणून त्यांनी बी-बाराचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. त्यांना पूर्ण दोष द्यावासा वाटत नाही, कारण मीही त्यांना 'पायात मुंग्या' एवढंच सांगितलं. 'दोन्ही पायांत एकदम सुरू झालं आणि कालच्यापेक्षा आज वर सरकलंय' हे सांगायला हवं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ताप येऊन गेला हेही मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तुम्ही डॉक्टरांकडे गेलात तर ही तीन वाक्यं आधी बोला, दुखणं-बिखणं नंतर.

बुधवारी संध्याकाळी संडासात बसले ती उठता येईना. जाऊबाईंनी बगलेत हात घालून उठवलं. रात्री भाकरीचा तुकडा मोडताना बोटं घसरायला लागली. मग कात्री हातात धरून पाहिली. अंगठा आणि बोट यांत कात्री होती, पण ती मिटेना. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. ह्यांना म्हटलं, "सकाळपर्यंत थांबायला नको." तरी आम्ही थांबलो, कारण दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट, सगळीकडे ओपीडी बंद, रात्री कोण भेटणार असं वाटलं. मोठ्या इस्पितळाचा अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो, सुट्टीच्या दिवशीही, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी पुतण्याने गाडी आणली. दोघांनी उचलून बसवलं. नाथ पै सर्कलजवळ प्रभात फेरीसाठी गाड्या थांबवल्या होत्या, मुलं झेंडे घेऊन चालली होती. मी काचेला डोकं टेकून बसले होते आणि डोकं सरळ धरायलाही मान थकत होती.

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरांनी मला काठावर बसवलं, पाय लोंबते ठेवायला सांगितले आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारली. काही नाही. दुसरा गुडघा. काही नाही. टाच, कोपर, मनगट. पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा तसाच. त्यांनी विचारलं, "गेल्या महिन्याभरात ताप, सर्दी, जुलाब काही?" मी ताप म्हणाले, मुलाच्या स्वॅबचं सांगितलं. त्यांनी लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दहा मिनिटांत मी आयसीयूच्या वाटेवर होते.

आजाराचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, सगळे जीबीएसच म्हणतात. १९१६ साली फ्रान्समध्ये गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून याचं वर्णन केलं. न्यूरॉलॉजिस्टनी ह्यांना जे समजावलं ते असं : फ्लूच्या विषाणूशी लढायला शरीराने जी फौज उभी केली, ती विषाणू गेल्यावर चुकून स्वतःच्याच नसांवर धावून गेली. नसांवरचं आवरण सोललं जातं, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. मेंदू मात्र शाबूत असतो. बहुतेक रोग्यांना आधीच्या सहा आठवड्यांत श्वसनाचा नाहीतर पोटाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. संसर्ग लाखोंना होतो, हे मात्र फार थोड्यांना. घरच्या बाकीच्यांना माझ्यापासून काही धोका नव्हता. जीबीएस स्वतः एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरी महिनाभर काही शेजारणी दारातूनच विचारपूस करून जात होत्या.

उपचार दोनच. एक, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं, ज्याला आयव्हीआयजी म्हणतात. दुसरा, प्लाझ्मा बदलणं, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग मशीनने काढून नवा घालणं. दोन्हींचा गुण सारखाच येतो, दोन्ही लागोपाठ दिले तर जास्त येतो असं नाही. नुसत्या स्टिरॉइडने याला फायदा होत नाही. आयव्हीआयजीचा हिशेब वजनावर असतो, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. माझं वजन ५५ किलो, म्हणजे एकूण ११० ग्रॅम, पाच ग्रॅमच्या बावीस बाटल्या. आम्हाला एक बाटली ९,२०० रुपयांना पडली. छापील किंमत याहून बरीच जास्त होती. ह्यांनी दोन दुकानांत विचारलं म्हणून फरक कळला. तेव्हा एका ठिकाणी विचारून थांबू नका.

आता कागदांचं. आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्ड असेल तर पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. एरवी खाजगी इस्पितळात जायला सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं, पण तातडीच्या वेळी योजनेत असलेल्या इस्पितळात थेट दाखल होता येतं. इस्पितळात 'आरोग्यमित्र' नावाचं टेबल असतं, तिथे रुग्ण दाखल झाल्या झाल्या जायचं. त्या दिवशी सुट्टी म्हणून तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं की रेशन कार्डावर माझं नाव कन्नडमध्ये एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि आधारवर अजून माहेरचं आडनाव. लग्नाला सतरा वर्षं झाली, ते बदलायचं राहूनच गेलं होतं. मग नोटरीकडे प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, दोघांचे आधार, नगरसेवकाचं पत्र, असं करत मंजुरी आली १७ तारखेला. सगळे फॉर्म कन्नडमध्ये. ह्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कन्नड माध्यमात शिकलेला पुतण्या कॉलेज बुडवून तीन दिवस बाकावर बसून राहिला आणि प्रत्येक कागद वाचून मगच ह्यांना सही करू देत होता. घरात असं एक माणूस असेल तर त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर ठेवा. आणि आज संध्याकाळीच, कुणी आजारी नसताना, घरातल्या सगळ्यांची आधार आणि रेशन कार्डं शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून बघा.

पहिल्या पाच बाटल्या त्यामुळे आमच्या पैशांनी आल्या. माझ्या पाटल्या सोसायटीत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. थांबून मंजुरीनंतर सुरू करू का, असं ह्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, "जेवढं लवकर तेवढं बरं. गेलेला दिवस परत मिळत नाही." १५ तारखेला रात्री नऊला पहिली बाटली लागली. थेंब अगदी हळू. रात्रभर थंडी वाजली, डोकं ठणकलं. त्यांनी वेग कमी केला की बरं वाटायचं.

चंदगडचे भावोजी त्याच दिवशी म्हणत होते, कोल्हापूरला सीपीआर या सरकारी इस्पितळात हलवूया, आपली माणसं आहेत तिथे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं होतं आणि त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला होता, तेही बोलणं निघालं. न्यूरॉलॉजिस्टनी एवढंच विचारलं, "शंभर किलोमीटरवर वाटेत श्वास थांबला तर गाडीत कोण नळी घालणार?" विषय तिथेच मिटला. आज मागे वळून पाहताना ते बरोबर होतं असंच मला वाटतं. या आजारात पहिल्या आठवड्यात आयसीयू जवळचा असणं महत्त्वाचं, भाषा आणि योजना नंतर.

आता श्वासाबद्दल. हाच भाग लिहिण्यासाठी खरं तर बसले आहे.

रात्रपाळीला बैलहोंगलकडची एक सिस्टर होती, पंचवीसेक वर्षांची. ती दर दोन तासांनी यायची, माझ्या छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "अक्का, उसिरु तगोरी." श्वास घ्या. मग खोल श्वास घेऊन एका दमात, मधे न थांबता, जेवढे अंक मोजता येतील तेवढे मोजायचे. मी मराठीत मोजायचे, ती बोटांवर कन्नडमध्ये. एक-ओंदु, दोन-एरडु, तीन-मूरु. दाखल झाले तेव्हा मी चौतीसपर्यंत गेले. १६ ला दुपारी अठ्ठावीस. रात्री दहाला बावीस. पहाटे चारला सतरा. सतरावर आवाज संपला, ओठ हलत होते पण अठरा बाहेर येईना. सिस्टरने बोटं मिटली, काही न बोलता वहीत लिहिलं आणि डॉक्टरांना उठवायला गेली.

त्या वेळी माझ्या बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ९८ होता. हे नीट समजून घ्या. जीबीएसमध्ये फुप्फुसं चांगली असतात, ती ओढणारे स्नायू थकत जातात. ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी पडतो, तोवर फार उशीर झालेला असतो. घरी ऑक्सिमीटर लावून '९८ आहे, काळजी नाही' असं म्हणत बसू नका. वीसच्या आत अंक आले की डॉक्टर सावध होतात. त्याशिवाय फुंकायच्या यंत्राने श्वासाचं माप घेतात. बोलताना वाक्य तुटत असेल, खोकला काढायला जोर पुरत नसेल, उशीवरून मान उचलता येत नसेल, तर तीही खूणच.

पहाटे पाचला ह्यांना आत बोलावलं. व्हेंटिलेटरच्या संमतीचा कागद पुढे केला. दर चार-पाच रोग्यांतल्या एकाला तरी तो लागतो, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी सही केली. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी इथंच हाय की, कुठं जाणार?" मला रडायला येत होतं पण चेहऱ्याने साथ दिली नाही. तोवर चेहराही गेला होता. उजवा डोळा मिटत नव्हता, रात्री त्यावर मलम घालून चिकटपट्टी लावत. गिळता येईना म्हणून नाकातून नळी. रक्तदाब एका तासात वर, दुसऱ्या तासात खाली. हृदयाच्या ठोक्यांनाही याचा त्रास होतो, म्हणून मॉनिटर अखंड चालू.

१८ तारखेला अंक चौदावर आले. १९ ला चौदाच. त्या दिवशी रक्षाबंधन होतं, भाऊ काचेपलीकडे उभा होता. २० ला पंधरा. २१ ला पंधरा. सिस्टरने त्या रात्री पहिल्यांदा हसून सांगितलं, "हदिनैदु, अक्का. पडला नाही." नळी घशात घालायची वेळ आली नाही. थोडक्यात चुकली.

पाठीतून पाणी काढण्याची तपासणी १९ ला केली. आमच्याकडे सगळ्यांना त्याची भीती असते, त्याने माणूस कायमचा लुळा पडतो असं म्हणतात. तसं काही नाही. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांत होतं. पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीएवढ्याच, ही जीबीएसची खूण निघाली. पहिल्या आठवड्यात हा रिपोर्ट चांगला येऊ शकतो, म्हणून त्यांनी त्याची वाट न बघता उपचार आधीच सुरू केले होते. नसांची तपासणी झाली, त्यात बारीक शॉक देतात. चटका बसल्यासारखं होतं, सहन होतं. ते मशीन बाहेरच्या केंद्रात होतं, त्याचे ३,५०० आमचे गेले.

सगळ्यात वाईट म्हणजे दुखणं. हलता येत नसलं तरी दुखतं. रात्री मांड्यांत कुणी तापलेल्या सळ्या फिरवतंय असं वाटायचं. पहिले दोन दिवस मला वाटलं हे सोसायचंच असतं, म्हणून मी सांगितलं नाही. सांगितल्यावर नसांच्या दुखण्याची वेगळी गोळी सुरू झाली आणि झोप लागली. त्यामुळे दुखतंय ते सांगत राहा. बोलता येत नसेल तर खुणेने. मी जीभ टाळ्याला लावून टक्क आवाज काढायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. घंटेचं बटण दाबायला बोट नव्हतं. कूस बदलायला दर दोन तासांनी दोघं यायची, त्यात एक ब्रदरही असायचा. पहिल्यांदा लाज वाटली, मग फक्त बरं वाटायचं. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात रोज इंजेक्शन.

२७ ऑगस्टला आयसीयूतून बाहेर आले. अंक तेव्हा एकतीस होते. वॉर्डात नाकातली नळी निघाली, पहिला घास मऊ भाताचा आणि तुपाचा. ६ सप्टेंबरला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घरी सोडलं. स्ट्रेचरवरून. पाय अजून गादीवरून उचलत नव्हते, हात कोपरापर्यंत यायचे. रुग्णवाहिकेचे १,८०० रुपये. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या दोन महिन्यांत सुधारता सुधारता परत ताकद कमी झाली तर उद्यावर टाकू नका, लगेच या. काही जणांना औषधाचा असर ओसरल्यावर परत होतं. मला झालं नाही.

घरी आले तर टेबलावरचे सव्वीस ब्लाउजपीस नव्हते. पलीकडच्या गल्लीतल्या एका टेलर ताईंनी ते सगळे नेऊन शिवून लोकांना दिले होते आणि पैसे आणून सासूबाईंच्या हातात ठेवले होते. त्या बाईंशी माझी कधी फारशी ओळखही नव्हती.

पुढचे महिने लवकर सांगते, कारण ते सगळे एकसारखे होते. चढताना हा आजार दिवसांत चढतो, उतरताना महिन्यांत उतरतो. नुसतं वरचं आवरण गेलं असेल तर लवकर भरतं, पण आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून पावलं सगळ्यात शेवटी येतात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी यायचे, एका वेळचे ४००. बाकीचे दिवस तेच व्यायाम जाऊबाई करून घ्यायच्या. एक चूक आम्ही केली. लवकर बरं व्हावं म्हणून एका रविवारी दुप्पट व्यायाम केला, आणि पुढचे तीन दिवस मला चमचासुद्धा उचलेना. थकवा येण्याआधी थांबायचं, हे फिजिओ आधीच सांगत होते. तो थकवा आजही पूर्ण गेलेला नाही. दुपारी तासभर झोपावंच लागतं.

२ ऑक्टोबरला आधाराशिवाय बसले. दिवाळीत भिंतीला टेकून करंज्यांना मुरड घालायचा प्रयत्न केला, चार जमल्या. नोव्हेंबरच्या शेवटी वॉकर. पाऊल खाली लोंबायचं म्हणून पोटरीमागून प्लॅस्टिकचा आधार करून घेतला, २,८००. संक्रांतीला काठी घेऊन गल्लीत तिळगूळ द्यायला गेले.

त्याच जानेवारीत, २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. तिथे दूषित पाणी आणि पोटातल्या संसर्गाचं कारण पुढे आलं. दिवसभर बातम्या आणि नातेवाइकांचे फोन. माझी आई तर टीव्ही बंद करून बसायची. मी मात्र सगळं वाचत होते, कारण पहिल्यांदाच इतके लोक त्या आजाराचं नाव घेत होते. वाटेल त्याला फोनवर सांगत होते, मुंग्या दोन्ही पायांत असतील आणि वर सरकत असतील तर घरी थांबू नका.

खर्च विचारतात म्हणून लिहिते. आयसीयू, खाट, इस्पितळातल्या तपासण्या आणि तेरा बाटल्या योजनेत बसल्या. पहिल्या पाच आणि शेवटच्या दिवसाच्या चार, म्हणजे नऊ बाटल्या आमच्या, कारण वाढीव मंजुरी वेळेत आली नाही. त्यांचे ८२,८०० झाले. शॉकची तपासणी, रुग्णवाहिका, पायाचा आधार वर दिलेत. फिजिओच्या सत्तर फेऱ्यांचे २८,००० आणि वर-खाली होणारी खाट तीन महिने भाड्याने, ७,५००. एकूण सव्वा लाखाच्या आसपास. बुडालेली मजुरी आणि बंद राहिलेले माग वेगळे. तुमचं पॅकेज वेगळं असू शकतं. आरोग्यमित्राला 'आयव्हीआयजीच्या किती बाटल्या मंजूर आहेत आणि वाढीव कधी मागवणार' असं स्पष्ट शब्दांत, पहिल्याच दिवशी विचारा.

फ्लूची लस घ्यायची का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मीही डॉक्टरांना विचारला. लसीनंतर जीबीएस झाल्याची उदाहरणं आहेत, पण दहा लाख डोसांमागे एक-दोन, आणि खुद्द फ्लूमुळे होण्याचा धोका त्याहून जास्त, असं ते म्हणाले. लस घेतल्यावर सहा आठवड्यांत ज्यांना जीबीएस झाला त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलूनच पुढचं ठरवावं. माझं तसं नव्हतं. यंदा जूनच्या सुरुवातीला मुलाला दिली, आणि त्यांच्याच सल्ल्याने मीही घेतली. पुढचे सहा आठवडे रोज सकाळी उठल्यावर तळव्याने फरशीचा गारवा लागतो का ते बघत होते. लागत होता.

मशीनवर मी मार्चमध्ये बसले. १६ तारीख, रविवार, घरी सगळे होते. ह्यांनी मोटर बसवून द्यायची तयारी केली होती, मी नको म्हटलं. चाक हाताने फिरवून दिलं आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले. डाव्या तळव्याला पत्र्याच्या खाचा लागल्या, उजव्याला अर्ध्याच. जोर दिला. पायडल खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. जुन्या कापडावर सात टाके पडले आणि दोरा तुटला. मुलगा शेजारी उभा राहून मोजत होता. मी दोरा परत ओवायला घेतला, बोटं थरथरत होती म्हणून पाच-सहा वेळा चुकला. तो ओवायला पुढे आला तर जाऊबाईंनी त्याचा हात धरून मागे ओढलं.